अंधाऱ्या खोलीतली हिरवी रेघ

दोस्तांनो, पिंपरी-चिंचवड, भोसरी, तळवडे, चाकण या पट्ट्यात जे राहतात त्यांच्या घरातलं, निदान गल्लीतलं तरी, एक माणूस 'कंपनीत' असतंच. पहाटे फर्स्ट शिफ्टची बस पकडायला कोपऱ्यावर उभी असलेली ही मंडळी तुम्ही रोज पाहता. त्यांच्यापैकी कुणी लोखंडी भागांच्या तपासणीवर असेल, तर एकच प्रश्न विचारा : "काका, तुमच्या कंपनीत काळ्या पडद्याची खोली आहे का हो?"

असेल, तर काका चहाचा कप खाली ठेवून सांगायला बसतील. घरी सहसा कुणी न विचारलेला हा विषय आहे आणि सांगण्यासारखं त्यात पुष्कळ आहे.

गाड्यांचे भाग बनवणाऱ्या बऱ्याच कारखान्यांत अशी एक खोली असते. खोली कसली, पडदे लावलेलं मोठं कपाटच म्हणा ना! बाहेर यंत्रांचा खडखडाट आणि दिव्यांचा लखलखाट, आणि आत अंधार. तपासणारा माणूस आत गेला की लगेच कामाला लागत नाही. डोळ्यांना अंधाराची सवय होईपर्यंत तो थोडा वेळ थांबतो. उन्हात आपोआप काळा होणारा चष्मा घालून आत जायचं नाही, असा नियम असतो. आणखी एक गमतीदार पथ्य म्हणजे पांढराशुभ्र धुतलेला शर्ट तिथे नको. का नको, ते पुढे कळेलच.

आत एक जांभळट दिवा असतो. त्याच्या उजेडात हात नीट दिसत नाहीत, पण तो चालू असतो हे नक्की. मग 'जॉब' येतो. कारखान्यात जॉब म्हणजे नोकरी नव्हे बरं का! ज्या भागावर काम चाललेलं असतं त्यालाच सगळे जॉब म्हणतात. समजा, मोटारसायकलच्या इंजिनातला क्रँकशाफ्ट आहे. त्यावर रॉकेलसारख्या पातळ तेलाची धार सोडलेली असते. माणूस तो दिव्याखाली धरतो, सावकाश फिरवतो. काळंच काळं. मग एका कोपऱ्यात, केसाएवढी बारीक, पिवळट हिरवी रेघ झळकते. जणू कुणी उजेडाच्या पेन्सिलीने ओढली आहे.

ती रेघ म्हणजे लोखंडाला गेलेला तडा. पडद्याबाहेर, भर उजेडात, तुम्ही भिंग घेऊन शोधलात तरी सापडायची खात्री नाही. तो क्रँकशाफ्ट लाल रंगाचा ठिपका घेऊन बाजूला पडतो. तो कुठल्याही गाडीत बसत नाही.

आता म्हणाल, केसाएवढ्या चिरेचं एवढं काय? तर बघा. क्रँकशाफ्ट मिनिटाला चार-पाच हजार वेळा गरगरतो. दर फेरीला त्याला पीळ बसतो, झटका बसतो. कागदाला कडेला जरासा फाटा असला की तो कागद पुढे किती सहज फाटतो, पाहिलंय ना? तसंच आहे हे. दर फेरीला चीर कणभर वाढते. क्रँकशाफ्टचं तसं झालं तर इंजिन बंद पडेल. पण पुढच्या चाकाला वळवणारा 'स्टिअरिंग नकल' नावाचा भाग असाच चिरत गेला आणि हमरस्त्यावर, गाडी भरधाव असताना तुटला तर? त्या खोलीतल्या माणसाची नजर म्हणजे शेवटची राखण आहे, असं समजायला हरकत नाही.

या चिरा पडतात तरी कशा? लोखंड सुमारे १२०० अंश सेल्सिअसपर्यंत लालपिवळं तापवून त्याला घणाखाली आकार देतात, मग कधी एकदम तेलात बुडवून थंड करतात. नंतर ग्राइंडिंग करताना ते पुन्हा तापतं. या आगीपाण्याच्या खेळात कुठे तरी ते तडकतं. सगळेच तडकत नाहीत, क्वचित एखादाच. पण तो एखादा कोणता, हाच तर प्रश्न!

उत्तर दोन टप्प्यांत मिळतं. आधी तो जॉब चुंबक बनवतात. विजेचा जोरदार प्रवाह त्यातून सोडला, किंवा त्याला तारेच्या वेटोळ्यात ठेवून प्रवाह सोडला, की झालं काम. अखंड लोखंडात चुंबकाचं बळ आतल्या आत वाहतं. चीर आली की वाट मोडते आणि ते बळ तिथून बाहेर सांडतं. चिरेच्या दोन काठांवर जणू इवलेसे दोन ध्रुव तयार होतात. त्या तेलात मिसळलेली असते लोखंडाची अतिशय बारीक पूड. ती धावत येऊन नेमकी चिरेवर गोळा होते. चीर चुंबकाच्या बळाला आडवी असेल तर छान दिसते, समांतर असेल तर निसटते. म्हणून हुशार मंडळी जॉबला दोन दिशांनी चुंबक करून बघतात. तपासणी झाल्यावर चुंबकत्व काढून टाकायचं, हेही विसरून चालत नाही. नाहीतर तो भाग इंजिनात बसून लोखंडाचा कीस गोळा करत बसेल!

दुसरा टप्पा आपल्या खऱ्या विषयाचा. ती पूड साधी नसते. तिच्या कणाकणाला एक खास रंग चिकटवलेला असतो. न दिसणारा प्रकाश प्यायचा आणि दिसणारा प्रकाश परत द्यायचा, हा त्या रंगाचा गुण. इंग्रजीतून आलेला शब्द आहे फ्लुओरेसन्स. मराठी पुस्तकांत कुठे प्रतिदीप्ती, कुठे अनुस्फुरण असं लिहिलेलं आढळेल. आपण प्रतिदीप्ती म्हणू, लिहायला सोपं.

शंभराची नोट आणि ऐंशी रुपये

प्रकाश म्हणजे लाटा हे तुम्ही शाळेत शिकला असालच. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर एक भाग म्हणजे नॅनोमीटर. आपल्या डोळ्यांना साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर लांबीच्या लाटा दिसतात. ४०० च्या बाजूला जांभळा, ७०० च्या बाजूला लाल. जांभळ्याच्याही पलीकडे आखूड लाटा असतात. त्यांना अतिनील किंवा जंबुपार किरण म्हणतात. त्या काळ्या खोलीतल्या दिव्याची मुख्य लाट ३६५ नॅनोमीटरची. म्हणजे आपल्या नजरेच्या कुंपणाबाहेरची.

लाट जितकी आखूड तितकी तिच्यात शक्ती जास्त. अतिनील प्रकाशाचा कण रंगाच्या रेणूवर आदळला की रेणूतला इलेक्ट्रॉन ती शक्ती घेऊन वरच्या पायरीवर उडी मारतो. तिथे तो टिकत नाही. थोडी शक्ती तो हालचालीत, उष्णतेत घालवतो आणि मग उरलेली प्रकाशाच्या रूपाने टाकून खाली येतो. हे सगळं सेकंदाच्या काही अब्जांश भागात उरकतं. समजा, तुम्ही शंभराची नोट घेऊन दुकानात गेलात. वीस रुपये खर्च झाले, ऐंशी परत आले. शंभराचे एकशेवीस कधी होत नाहीत. तसंच इथे. परत येणारा प्रकाश घेतलेल्यापेक्षा कमी शक्तीचा, म्हणजे लांब लाटेचा असतो. अतिनील गेला, हिरवा आला. तो हिरवटपिवळाच का निवडला? कारण आपल्या डोळ्यांना त्या छटेचा उजेड सगळ्यांत चटकन जाणवतो.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो. काजवे पाहायला मे-जूनमध्ये राजमाचीला किंवा भंडारदऱ्याला गेला असाल, तर ते निराळं प्रकरण आहे. काजवा पोटातल्या रसायनांपासून स्वतःचा प्रकाश स्वतः बनवतो. प्रतिदीप्तीला बाहेरून प्रकाश लागतो. दिवा बंद केला की चमक त्याच क्षणी बंद. आणि छतावर चिकटवायचे ते चांदण्यांचे स्टिकर, जे दिवा घालवल्यावरही चमकत राहतात, ते प्रतिदीप्तीचे चुलतभाऊ. त्यांच्यात वर चढलेला इलेक्ट्रॉन वाटेत अडकून पडतो आणि रमतगमत खाली येतो.

बिबळ्याचा पेला

ही गोष्ट माणसाच्या लक्षात पहिल्यांदा कारखान्यात आली नाही, आली ती लाकडाच्या पेल्यात. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात निकोलस मोनार्देस नावाचे वैद्य होते. मेक्सिकोहून येणारं एक औषधी लाकूड पाण्यात ठेवलं की पाणी निळं झळकतं, असं त्यांनी १५६५ साली लिहून ठेवलं. युरोपातले विद्वान पुढे कितीतरी वर्षं या पाण्याकडे डोळे फाडून पाहत राहिले. रंग तर निळा घातलेला नाही, मग निळं येतं कुठून?

आपल्याला त्यासाठी मेक्सिकोला जायची गरज नाही. सह्याद्रीच्या जंगलात बिबळा नावाचं झाड आहे. काही जण त्याला असाणा म्हणतात, आयुर्वेदाच्या दुकानात विजयसार म्हणून मिळतो. त्याच्या लाकडाचे पेले विकायला असतात. मधुमेह असलेली वडीलधारी माणसं रात्री त्यात पाणी भरून ठेवतात आणि सकाळी पितात. औषध म्हणून ते किती लागू पडतं हा डॉक्टरांचा प्रांत, त्यात आपण शिरायला नको. पण तुमच्या आजोबांकडे असा पेला असला तर ते पाणी काचेच्या ग्लासात ओतून उन्हात धरा, मागे काळा कागद ठेवा. पाणी सोनेरी तपकिरी दिसेल आणि कडेला निळसर झाक मारेल. ती झाक म्हणजे प्रतिदीप्ती. उन्हात अतिनील किरण असतातच.

कोडं सुटलं १८५२ साली. जॉर्ज स्टोक्स नावाचे केंब्रिजचे गणिती होते. मलेरियावर देतात त्या क्विनाइनचं पाणीही उन्हात निळं झळकतं, हे जॉन हर्शेल यांनी १८४५ मध्ये लिहिलं होतं. स्टोक्स यांनी अंधाऱ्या खोलीत फटीतून ऊन घेतलं, लोलकातून त्याचा सप्तरंगी पट्टा पाडला आणि क्विनाइनच्या पाण्याची नळी एकेका रंगातून सरकवत नेली. लाल, पिवळा, हिरवा, काही नाही. जांभळ्याच्या टोकाशी आले तेव्हा नळी उजळू लागली. मग त्यांनी ती जांभळ्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हतं अशा काळोखात नेली, आणि नळी तेजाळलेलीच! न दिसणारा प्रकाश तिथे होता आणि ते पाणी त्याचा दिसणारा प्रकाश करत होतं. फ्लोरस्पार नावाच्या चमकणाऱ्या खनिजावरून त्यांनी या गुणाला फ्लुओरेसन्स हे नाव दिलं. एक नळी, एक लोलक आणि भरपूर चिकाटी. माझ्या मते विज्ञानातल्या सगळ्यांत देखण्या प्रयोगांपैकी हा एक आहे.

दगडाखालचा निळा पाहुणा

झाडाच्या लाकडात जे आहे ते एका प्राण्याने पार अंगरख्यासारखं पांघरलं आहे. तो प्राणी म्हणजे विंचू!

पिंपरी-चिंचवडच्या आसपासच्या खडकाळ टेकड्या आठवा. निगडीची दुर्गा टेकडी, घोरावडेश्वराचा डोंगर, चाकणच्या बाजूचा भामचंद्र. अशा खडकाळ मुलखात दगडांच्या फटीत विंचू राहतो. साध्या बॅटरीच्या उजेडात तो मातीच्या रंगात मिसळून जातो. पण अतिनील बॅटरी टाकली की दहा-पंधरा फुटांवरूनही तो निळ्याहिरव्या रंगात असा लखलखतो, की कुणी प्लास्टिकचं खेळणं टाकून गेलं असं वाटावं. विंचवांचा अभ्यास करणारे लोक म्हणूनच रात्री अशी बॅटरी घेऊन फिरतात. एरवी जिथे तासाभरात एक विंचू दिसायचा नाही, तिथे त्यांची मोजदाद करता येते.

ही चमक त्याच्या कवचाच्या वरच्या थरात असते. १९५४ मध्ये शास्त्रज्ञांनी ती प्रथम नोंदवली, आणि कवचातल्या दोन रसायनांची नावं १९९९ आणि २००१ मध्ये कळली. एक बीटा-कार्बोलिन आणि दुसरं कुमारिन जातीचं. पण खरी मजा पुढे आहे. आईच्या पाठीवर बसलेली विंचवाची पांढुरकी पिल्लं चमकत नाहीत! कात टाकलेला विंचूही आधी चमकत नाही. नवं कवच जसजसं टणक होतं, तसतशी चमक चढते. मेलेल्या विंचवाची चमक मात्र जात नाही. संग्रहालयात बाटलीत ठेवलेले विंचूसुद्धा दिव्याखाली चमकतात.

विंचवाला याचा उपयोग काय? यावर शास्त्रज्ञांत अजून वाद आहे. एक कल्पना अशी, की त्याचं सगळं अंगच एक प्रकारचा डोळा आहे. चांदण्यातले अतिनील किरण कवचावर पडले की अंग मंद हिरवं होतं आणि ते जाणवलं की विंचू सावलीत सरकतो. दुसरे म्हणतात, उपयोग काहीच नाही, कवच टणक होताना ही रसायनं आपोआप तयार होतात इतकंच. तुमच्यापैकी कुणी मोठेपणी हा वाद मिटवलात तर आम्हाला कळवा.

एक बजावून सांगतो. विंचू शोधायला एकट्याने टेकडीवर जायचं नाही आणि तो कितीही सुंदर दिसला तरी हात लावायचा नाही. आपल्याकडचा लाल विंचू लहान मुलांच्या जिवावर उठू शकतो. कोकणात महाडला डॉ. हिंमतराव बावसकर यांनी १९८० च्या दशकात असे कितीतरी रुग्ण पाहिले आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशावर उपयोगी पडतं हे दाखवून दिलं. त्यांना २०२२ साली पद्मश्री मिळाली. विंचू चावला तर वेळ न घालवता दवाखाना गाठायचा. मात्र सरपणाच्या ढिगात हात घालण्याआधी किंवा बूट पायात घालण्याआधी मोठ्या माणसाने अतिनील बॅटरी फिरवून पाहणं ही चांगली सवय आहे.

जादूगार भाऊ

विंचवापासून क्रँकशाफ्टपर्यंत ही युक्ती पोहोचली कशी? त्याची गोष्ट तुमच्याच वयाच्या जरा पुढच्या दोन भावांची आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या बर्कले गावात रॉबर्ट आणि जोसेफ स्वित्झर राहत. १९३३ च्या सुट्टीत रॉबर्ट कामावर माल उतरवताना पडला. डोक्याला मार लागला, दृष्टीवर परिणाम झाला. डॉक्टरांनी सांगितलं, नजर सुधारेपर्यंत अंधाऱ्या खोलीत राहा. अंधारात पडून करायचं काय? भाऊ जोसेफ जादूचे प्रयोग करायचा. दोघांना वाटलं, अतिनील दिवा मिळाला तर जादूत काहीतरी भन्नाट करता येईल. वडिलांचं औषधांचं दुकान होतंच. रात्री दोघे दिवा घेऊन दुकानात शिरले आणि फडताळावरच्या बाटल्यांवर तो फिरवू लागले. काही बाटल्यांतली द्रव्यं चमकली! ती वॉर्निशमध्ये मिसळून त्यांनी चमकणारे रंग तयार केले.

रंगमंचावरची ही जादू लवकरच कारखान्यात आली. लोखंडाची पूड चिरेवर गोळा करायची पद्धत आधीपासून होती, पण काळी पूड काळ्या लोखंडावर दिसणार कशी? तिला चमकणारा रंग लावला आणि काम सोपं झालं. अॅल्युमिनियमचं काय, ते तर चुंबक होत नाही, असं तुम्ही विचारलंत तर शाबास! त्यासाठी चमकणारं पातळ द्रव्य वापरतात. ते भागावर लावून थांबायचं. ते चिरेत झिरपतं. वरचं पुसून घ्यायचं, मग पांढरी पूड भुरभुरायची. खडू शाई टिपतो तशी ही पूड चिरेतलं द्रव्य वर ओढते आणि दिव्याखाली रेघ उमटते. दुसऱ्या महायुद्धात विमानांचे भाग अशा पद्धतीने तपासले गेले. रस्त्यावरचे भडक नारिंगी शंकू, हायलायटर पेनं, यांत दिसणारे दिवसाढवळ्या झगझगणारे रंग हा त्याच भावांचा वारसा.

आपल्याकडे १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि या पट्ट्यात कारखाने वाढत गेले. टेल्कोचे, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सचे, ट्रक पिंपरीत बनू लागले. पुढे मोटारींचा पसारा चाकणला सरकला. १९९९ मध्ये तिथे बजाजचा कारखाना सुरू झाला, २००९ मध्ये फोक्सवॅगनचा. एका मोटारीत हजारो भाग, आणि ते पुरवणारे लहानमोठे कारखाने भोसरीपासून चाकणपर्यंत पसरलेले. ती काळ्या पडद्याची खोली अशाच कुठल्यातरी शेडमध्ये असते.

डोळ्यात कण, हाडात रंग

याच शेडमध्ये रोज घडणारा आणखी एक प्रसंग आहे. ग्राइंडिंग करताना गॉगल न लावल्यामुळे डोळ्यात लोखंडाचा कण उडतो. डोळा चोळून लाल होतो. नेत्रतज्ज्ञाकडे गेलं की ते एक नारिंगी कागदी पट्टी पापणीच्या आत टेकवतात आणि निळा दिवा लावून पाहतात. बुबुळावर जिथे ओरखडा असेल तिथे हिरवा डाग झळकतो. या द्रव्याचं नाव फ्लुओरेसिन. १८७१ मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ अडोल्फ फॉन बायर यांनी ते बनवलं. पाहिलंत? लोखंडाचा तडा आणि बुबुळाचा ओरखडा शोधायची युक्ती एकच!

याच द्रव्याने १८७७ मध्ये एका नदीचं गुपित फोडलं. जर्मनीत डॅन्यूब नदीचं पाणी एका ठिकाणी जमिनीत गडप होतं. तिथे दहा किलो रंग ओतला. सुमारे साठ तासांनी बारा किलोमीटरवरच्या आख नावाच्या झऱ्याचं पाणी हिरवं झळकू लागलं, आणि कुठलं पाणी कुठे जातं हे कळलं.

आता पिंपरीला परत येऊ. मोटारींच्या आधी पिंपरीचं नाव देशभर झालं ते औषधामुळे. १९५४ मध्ये इथे हिंदुस्तान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली आणि पेनिसिलिन देशात बनू लागलं. पण प्रतिजैविकांतलं आपल्या विषयाशी जुळणारं घराणं निराळं. टेट्रासायक्लिन नावाचं ते घराणं. हे औषध वाढत्या हाडात आणि दातात जाऊन बसतं आणि अतिनील दिव्याखाली पिवळं चमकतं. म्हणूनच लहान मुलांना डॉक्टर ते सहसा देत नाहीत, दात कायमचे पिवळे पडतात. १९८० मध्ये शास्त्रज्ञांनी सुदानच्या भागातली सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची हाडं दिव्याखाली पाहिली तर ती चमकली! तेव्हा कुठे होती गोळी? त्या लोकांच्या धान्यात, त्यापासून केलेल्या पेयात, मातीतले जिवाणू वाढत असावेत आणि ते हे औषध बनवत असावेत, असा शास्त्रज्ञांचा निष्कर्ष आहे.

पांढरा शर्ट आणि रेडियमवाला

त्या काळ्या खोलीत पांढरा शर्ट का चालत नाही, हे आता ओळखलं असेल. आईला किंवा आजीला विचारा, 'रानीपाल' आठवतं का? नीळ म्हणजे नुसता निळा रंग. रानीपालची जात वेगळी, ती प्रतिदीप्तीची. हल्लीच्या धुण्याच्या पावडरीतही अशी द्रव्यं असतात. ती उन्हातले अतिनील किरण घेऊन निळसर प्रकाश देतात, त्यामुळे कापडाचा पिवळेपणा झाकला जातो. म्हणजे शर्ट जास्त स्वच्छ होत नाही, जास्त चमकतो! काळ्या खोलीत असा शर्ट दिव्यासारखा पेटतो आणि त्याच्या उजेडात चिरेची बारीक रेघ बुडून जाते.

वहीच्या पांढऱ्याशुभ्र कागदातही असंच द्रव्य असतं. नोटेच्या कागदात नसतं. नाशिकरोडला १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे. खरी नोट अतिनील दिव्याखाली धरली तर कागद काळसर, मंद राहतो आणि त्यावर क्रमांकाचे आकडे आणि कागदात विखुरलेले बारीक तंतू चमकून उठतात. साध्या कागदावर छापलेली खोटी नोट उलट सगळीच निळी पेटते. दुकानदार तो छोटा जांभळा दिवा ठेवतात तो यासाठी.

आता रेडियमवाल्याबद्दल. आपल्याकडे प्रत्येक चौकात नंबरप्लेटवर आणि मडगार्डवर अक्षरं चिकटवून देणारा 'रेडियमवाला' असतो. त्या पट्ट्यांत रेडियमचा कणसुद्धा नसतो! पूर्वी घड्याळाचे काटे रेडियमच्या रंगाने चमकवत, ते नाव उरलं आहे. पट्टी चमकते कारण ती हेडलाइटचा उजेड आला त्याच दिशेने परत पाठवते. म्हणून मेट्रोच्या कामावरच्या किंवा चाकणच्या कारखान्यातल्या माणसाचं जाकीट नीट बघा. त्यात दोन गोष्टी असतात. पोपटी-पिवळं कापड प्रतिदीप्तीचं. ते पहाटे, संध्याकाळी, ढगाळ हवेत साध्या कापडापेक्षा उठून दिसतं, कारण न दिसणाऱ्या किरणांचाही ते दिसणारा उजेड करतं. पण रात्री हेडलाइटपुढे ही करामत फारशी चालत नाही, त्यात अतिनील किरण जवळजवळ नसतातच. तिथे कामाला येतात त्या चंदेरी पट्ट्या. पुणे-नाशिक रस्त्यावरून रात्रपाळीहून सायकलवर किंवा मोटारसायकलवर येणाऱ्या माणसाला दोन्ही हवं. तुमच्या घरात कुणी अशा वेळी येत-जात असेल, तर त्यांच्या जाकिटाच्या पट्ट्या झिजल्यात का, ते आज बघून घ्या.

करून पाहा

घरात मोठं माणूस असताना पालकाची चार-पाच पानं बारीक चिरा, वाटीत ठेचा आणि त्यावर औषधाच्या दुकानात मिळतं ते स्पिरिट ओता. जवळ गॅस, उदबत्ती, काडेपेटी काही नको, स्पिरिट भडकन पेटतं. दहा-पंधरा मिनिटांनी ते गाळून पारदर्शक काचेच्या ग्लासात घ्या. गर्द हिरवं पाणी मिळेल. आता खोलीत अंधार करा आणि बाजूने जोरदार बॅटरी टाका. निळी किंवा अतिनील बॅटरी असेल तर उत्तमच, पण तिचा झोत स्वतःच्या किंवा कुणाच्या डोळ्यात जाऊ द्यायचा नाही. ग्लासातलं हिरवं पाणी कडेला रक्तासारखं लाल दिसेल!

पानात हिरवं द्रव्य उन्हाची शक्ती घेऊन अन्न तयार करण्याच्या कामाला लावतं. अगदी थोडी शक्ती लाल उजेड होऊन निसटते. तुम्ही पान ठेचून ते द्रव्य स्पिरिटात काढलंत, म्हणजे त्याचा कारखानाच मोडलात. शक्ती तर येते आहे, पण द्यायची कुणाला? मग ती लाल होऊन बाहेर पडते. जिवंत पानातून निसटणारा तो क्षीण लाल उजेड आता उपग्रहसुद्धा आकाशातून मोजतात आणि त्यावरून कुठलं पीक जोमात आहे, कुठलं सुकतं आहे याचा अंदाज बांधतात. तुमचा ग्लास मात्र फार वेळ ठेवू नका. उजेडात राहिला की काही तासांत पाण्याचा हिरवा रंग उडू लागतो आणि त्याबरोबर लालही जातो. घरातल्या सगळ्यांना बोलावून आधी दाखवून घ्या.